अमेरिकेतल्या पहिल्या 'पश्चिमे'कडे जाणाऱ्या वाटा: खिंड, नदी, सडक आणि कालवा

चाकोरीबाहेर

आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर, यूएस ४० या हमरस्त्याच्या कडेला, गवतात एक दगड उभा आहे. कमरेएवढा, डोकं गोलसर. पहिली दोन वर्षं मी त्याच्यावरूनच ऑफिसला जात होतो आणि मला ते कुणाचं तरी थडगं वाटायचं. एकदा टायर पंक्चर झालं, मदत येईपर्यंत वेळ होता, म्हणून जवळ जाऊन वाचलं. वर 'कंबरलंड' असं कोरलेलं आणि खाली मैलांचा आकडा. कंबरलंड म्हणजे मेरीलँडमधलं गाव. इथून म्हणजे ओहायोतून तिथे जायचं तर वेस्ट व्हर्जिनियाची चिंचोळी पट्टी आणि पेनसिल्व्हेनियाचा कोपरा ओलांडावा लागतो. एवढ्या लांबच्या गावाचं अंतर इथल्या शेताच्या बांधावर कशाला?

त्या दगडाच्या नादाने दोन वर्षं वाचतोय आणि सुट्टीत भटकतोय. थोडं इथे मांडतो. चुकलं तर दुरुस्त करा.

'पश्चिमेकडे निघालेले वसाहतवाले' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सपाट गवताळ माळ, पांढऱ्या छताच्या बैलगाड्या आणि मागे मावळता सूर्य येतो. तो ओरेगॉन ट्रेल, म्हणजे १८४० नंतरची गोष्ट. त्याआधी सत्तर-ऐंशी वर्षं 'पश्चिम' म्हणजे केंटकी आणि ओहायो. आज ज्याला लोक मिडवेस्ट म्हणतात तोच तेव्हाचा जगाचा शेवट. मध्ये आडवे पडलेले ॲपलाचियन डोंगर. उंची फार नाही, हिमालय बघितलेल्याला हसू येईल. पण एकामागे एक लांबच लांब कणे आहेत, ईशान्येकडून नैऋत्येकडे, कंगव्यासारखे. एक चढून उतरलात की पुढचा तयार. त्यातून गाडी, गाय आणि लेकरं घेऊन पार व्हायचं तर खिंड शोधावी लागते, नाहीतर नदी.

खिंड आहे तिथे वाटही आधीपासून होती. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कंबरलंड गॅप कुणी 'शोधली' नाही. रानगवे, म्हणजे बायसन, मीठ चाटायला जायचे त्यांच्या खुरांनी वाट पडली. त्याच वाटेने चेरोकी आणि शॉनी या मूळ निवासी जमातींचे लोक शिकारीला आणि लढाईला ये-जा करायचे. तिला 'वॉरियर्स पाथ' म्हणत. १७५० साली डॉ. थॉमस वॉकर एका जमीन कंपनीसाठी पाहणी करत तिथे पोचला आणि त्याने नोंद केली, एवढंच. पुढे १७६३ मध्ये इंग्लंडच्या राजाने फर्मान काढलं की डोंगराच्या पलीकडे वस्ती करायची नाही. ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

मार्च १७७५ मध्ये रिचर्ड हेंडरसन नावाच्या वकिलाच्या ट्रान्सिल्व्हेनिया कंपनीने डॅनियल बून याला वाट मोकळी करायला पाठवलं. तीसेक माणसं, हातात कुऱ्हाडी. आजच्या किंग्जपोर्टजवळच्या होल्स्टन नदीवरच्या बेटापासून निघाले ते खिंड ओलांडून केंटकी नदीपर्यंत पोचले. सुमारे २०० मैल. तिथे त्यांनी बून्सबरो वसवलं. हाच विल्डरनेस रोड. 'रोड' हा शब्द ऐकून फसू नका. झाडांवर कुऱ्हाडीचे घाव घालून खूण केलेली पायवाट होती ती. १७९६ पर्यंत तिच्यावरून चाकाची गाडी जात नव्हती. सामान घोड्याच्या पाठीवर, माणसं पायी. तरी १८१० पर्यंत दोन ते तीन लाख माणसं त्या एका खिंडीतून गेली असा अंदाज दिला जातो. १७९० च्या जनगणनेत केंटकीत ७३ हजार लोक होते, १८०० मध्ये २ लाख २० हजार.

दुसरी वाट पेनसिल्व्हेनियातून. इथे सैन्याने रस्ता पाडला. १७५५ मध्ये ब्रिटिश जनरल ब्रॅडॉक फ्रेंचांच्या किल्ल्यावर चालून निघाला तेव्हा त्याने तोफा नेण्यासाठी जंगल तोडत नेलं. तीही वाट आधी नेमाकोलिन नावाच्या लेनापे माणसाने दाखवलेली. ब्रॅडॉक लढाईत जबर जखमी झाला आणि परतीच्या वाटेवर मेला. त्याला रस्त्याच्या मधोमध पुरून वरून सगळ्या गाड्या नेल्या, शत्रूला थडगं सापडू नये म्हणून. त्या तुकडीत तेवीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन होता. तीन वर्षांनी जनरल फोर्ब्सने आणखी उत्तरेकडून दुसरा रस्ता काढला, तो थेट आजच्या पिट्सबर्गला. दोन्ही रस्ते लढाईसाठी झाले आणि वापरले शेतकऱ्यांनी.

पिट्सबर्गला पोचलं की नदी. तिथून पुढचं प्रतिसादांत लिहीन, इथे फार लांबतंय. फक्त माझ्या दगडाचं कोडं सोडवतो. १८०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसनने एका कायद्यावर सही केली: सरकारी पैशाने कंबरलंडपासून ओहायो नदीपर्यंत पक्की सडक. १८११ मध्ये काम सुरू, १८१८ मध्ये सडक व्हीलिंगला नदीकाठी आली. नंतर ती ओहायो आणि इंडियानातून पुढे इलिनॉयमधल्या व्हँडेलियापर्यंत गेली आणि तिथे पैसे संपले. सगळी मिळून ६२० मैलांच्या आसपास. हाच नॅशनल रोड, आजचा यूएस ४० बराचसा त्याच्यावरूनच जातो. माझा दगड त्याचा मैलाचा दगड. शून्य कंबरलंडला.

*

शेंगदाणाचटणी

मस्त! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.
एक शंका. कंबरलंड गाव आणि कंबरलंड गॅप एकच का? मी आत्ताच नकाशावर शोधलं तर दोन वेगळीच ठिकाणं दिसताहेत.

चाकोरीबाहेर

दोन वेगळी. मीही सुरुवातीला गोंधळलो होतो. गाव मेरीलँडमध्ये, खिंड केंटकी-व्हर्जिनिया-टेनेसी जिथे भेटतात तिथे. मध्ये तीनशेहून जास्त मैल. नाव एकाच माणसाचं, राजा दुसऱ्या जॉर्जच्या मुलाचं, ड्यूक ऑफ कंबरलंड. त्या काळी जे दिसेल त्याला त्याचं नाव द्यायची पद्धत असावी, तिथली नदीसुद्धा कंबरलंडच.

मावळतीकर

आम्ही मेरीलँडहून पिट्सबर्गच्या व्यंकटेश मंदिरात दर वर्षी जातो. कंबरलंडच्या अलीकडे-पलीकडे गाडी इतकी चढते-उतरते की मुलं मागे उलट्या करतात. एवढं होऊनही तिथे काही इतिहास असेल असं कधी डोक्यात आलं नाही. पुढच्या वेळी कुठे थांबू?

चाकोरीबाहेर

@मावळतीकर, हमरस्ता सोडून जुन्या ४० वर या. ग्रँट्सव्हिलला कॅसलमन नदीवर १८१३ चा दगडी कमानीचा पूल आहे. एकच कमान, ८० फुटांची. बांधला तेव्हा देशात त्या प्रकारची एवढी मोठी कमान दुसरी नव्हती. गाड्यांना बंद आहे पण चालता येतं. मुलांना उतरवा, पोटही ठीक होईल. पुढे पेनसिल्व्हेनियात शिरलात की फोर्ट नेसेसिटी. १७५४ मध्ये वॉशिंग्टनने तिथे फ्रेंचांपुढे शरणागती पत्करली, आयुष्यात एकदाच. ब्रॅडॉकचं थडगं तिथून मैलभरावर. रस्ता दुरुस्त करताना १८०४ मध्ये मजुरांना हाडं सापडली आणि ती बाजूच्या टेकडीवर पुरली.

तिरपा_डोळा

लेख छान आहे पण सुरुवातीपासून एक गोष्ट खटकतेय. 'वाट मोकळी करायला' पाठवलं म्हणे. कुणापासून मोकळी? तिथे माणसं राहत होती. आपण हे सगळं साहसकथेसारखं वाचतो आणि ज्यांची जमीन गेली ते मधल्या एका वाक्यात 'शिकारीला ये-जा करायचे' म्हणून येतात.

चाकोरीबाहेर

मान्य. शब्द चुकला आणि जागाही कमी दिली.

हेंडरसनने मार्च १७७५ मध्ये सिकमोर शोल्सला चेरोकी पुढाऱ्यांकडून सुमारे २ कोटी एकर 'विकत' घेतले. बदल्यात मालाने भरलेल्या गाड्या. त्या वाटाघाटींत ड्रॅगिंग कॅनू या तरुण पुढाऱ्याने उघड विरोध केला आणि मग १७९२ मध्ये मरेपर्यंत तो लढत राहिला. बरं, ती जमीन एकट्या चेरोकींचीही नव्हती. शॉनींना तर कुणी विचारलंच नाही. आणि ब्रिटिश कायद्याने खाजगी माणसाला असा व्यवहार करताच येत नव्हता, व्हर्जिनियानेही १७७८ मध्ये तो रद्द ठरवला. तोवर लोक जाऊन बसले होते.

ओहायोच्या बाजूचं तर सरळ युद्धच. नोव्हेंबर १७९१ मध्ये मायामी आणि शॉनी जमातींच्या नेतृत्वाखालच्या फौजेने जनरल सेंट क्लेअरचे सहाशेहून जास्त सैनिक मारले. मूळ निवासींकडून अमेरिकी सैन्याचा एवढा मोठा पराभव पुन्हा झाला नाही. मग १७९४ ला फॉलन टिंबर्सची लढाई, १७९५ ला ग्रीनव्हिलचा तह, आणि ओहायोचा बराच मोठा तुकडा गेला. माझ्या दगडाखालची जमीन त्या तहातली आहे. झेन्स ट्रेस ही व्हीलिंगहून केंटकीला जाणारी वाट लगेच १७९६-९७ मध्ये निघाली. म्हणजे आधी तह, मग रस्ता, मग कुंपण.

तिरपा_डोळा

धन्यवाद. आता वाचायला हरकत नाही. :)
अजून एक भर. त्या खिंडीतून गेलेले सगळे आपल्या मर्जीने गेले नव्हते. १७९० च्या केंटकीतल्या ७३ हजारांत १२ हजारांहून अधिक गुलाम होते. त्यांनाही मालकामागे चालत त्याच वाटेने नेलं. 'वसाहतवाले' या शब्दात ते कुठे बसतात?

कट्टेकरी

+१
(चांगला धागा आहे, कृपया इथे भारतातलं राजकारण आणू नका कुणी.)

नकाशेवाला

भूगोलवाला असल्याने राहवत नाही. कंबरलंड गॅप ओलांडून केंटकीत उतरलं की लगेच मिडल्सबरो नावाचं गाव लागतं. ते गाव उल्कापाताच्या विवरात वसलंय! सुमारे तीन मैल व्यासाचं, कोट्यवधी वर्षांपूर्वीचं. आपलं लोणार स्पष्ट गोल दिसतं, हे मात्र झिजून झिजून नुसतं सपाट खोरं झालंय. पण आजूबाजूला सगळा डोंगर असताना मधोमध ही सपाटी मिळाली म्हणून वाट सोपी झाली. पुढे पाइनव्हिलजवळ कंबरलंड नदीने पाइन माउंटन कापलाय, तिथून बाहेर. म्हणजे पहिल्या डोंगरात खिंड, मग विवर, मग नदीने कापलेली फट. तिन्ही एका ओळीत आली नसती तर बूनला दुसरीकडे जावं लागलं असतं.

चाकोरीबाहेर

@नकाशेवाला दंडवत! विवराचं माहीत नव्हतं. मागच्या वर्षी त्याच गावात पेट्रोल भरलं आणि कळलंसुद्धा नाही.

खिंडीत आता एक गंमत आहे. १९९६ मध्ये डोंगराखालून बोगदा झाला. त्यानंतर खिंडीतला डांबरी हमरस्ता उखडून टाकला, माती भरली, झाडं लावली आणि १८०० च्या आसपास जशी गाडीवाट असेल तशी पुन्हा केली. रस्ता बांधायला सरकार पैसे घालतं हे पाहिलं होतं, मोडून पायवाट करायला घातलेले पहिल्यांदाच पाहिले. चढ अगदी सौम्य आहे. मी तयारीने बूट वगैरे घालून गेलो आणि शेजारून एक आजी चपला घालून पुढे गेल्या.

सुगरण_नाही

खायचे काय हो हे लोक? कुणी सांगतच नाही.

चाकोरीबाहेर

मका, मका आणि मका. भाजलेल्या मक्याचं पीठ पिशवीत, पाण्यात कालवून खायचं, आपल्या सातूच्या पिठासारखं. बरोबर खारवलेलं डुकराचं मांस आणि वाटेत मिळेल ती शिकार. गाय बरोबर असेल तर मुलांना दूध.

खरी अडचण मिठाची. मांस टिकवायला मीठ हवं, आणि डोंगर ओलांडून मीठ आणणं म्हणजे घोड्याचं अख्खं ओझं. म्हणून खाऱ्या झऱ्यांना एवढी किंमत. फेब्रुवारी १७७८ मध्ये बून ब्लू लिक्सला माणसं घेऊन मीठ आटवायला गेला होता, तिथेच शॉनींनी त्याला पकडलं. त्यांचा प्रमुख ब्लॅकफिश याने त्याला मुलगा मानून ठेवून घेतलं. काही महिन्यांनी तो पळून आला, तर बून्सबरोत त्याच्यावरच फितुरीचा खटला! सुटला तो. थोड्याशा मिठासाठी शेकडो गॅलन पाणी आटवावं लागे. आणि मी वर लिहिलेले रानगवे ज्या मिठासाठी वाटा पाडायचे तेच हे मीठ. गव्यांच्या मागे शिकारी, शिकाऱ्यांच्या मागे शेतकरी, सगळे शेवटी एकाच झऱ्यावर.

आजोबा_१९५२

मुलाकडे सिनसिनाटीला सहा महिने असतो. घरासमोर ओहायो नदी. तिच्यावरून कोळशाचे तराफे जाताना रोज मोजतो. या नदीतून कुटुंबं आली म्हणता, ते कसं, ते सविस्तर लिहा. वेळच वेळ आहे वाचायला.

चाकोरीबाहेर

काका, तुमच्यासाठी खास.

पिट्सबर्गला दोन नद्या मिळून ओहायो होते आणि ती पश्चिमेला वाहते. डोंगर ओलांडेपर्यंत जे हाल झाले ते झाले, पुढे पाणीच वाहून नेणार. लोक पिट्सबर्गला किंवा मोनोंगहेला नदीवरच्या ब्राउन्सव्हिलला येऊन फ्लॅटबोट विकत घेत. सपाट तळाची, जाड फळ्यांची पेटीच म्हणा. एका टोकाला खोपटं, दुसऱ्या टोकाला गुरं, चुलीसाठी मातीचा थर. वल्ही लांबलचक, ती फक्त दिशा द्यायला. प्रवाहाविरुद्ध ती बोट जातच नसे, त्यामुळे प्रवास एकाच दिशेचा. मुक्कामी पोचलं की बोट मोडायची आणि त्याच फळ्यांचं घर बांधायचं. ही कल्पना मला फार आवडते. ज्यात बसून आलात तेच घराचं छप्पर.

पण पाणी हवं. उन्हाळ्यात नदी इतकी उथळ की बोट वाळूत रुते, हिवाळ्यात बर्फ. तुम्ही आज पाहता ती भरलेली नदी धरणं आणि लॉकगेट (बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर चढवणारे-उतरवणारे दरवाजे) बांधून अडवलेली आहे. तेव्हा वसंतातल्या किंवा शरदातल्या फुगवट्याची वाट बघत माणसं आठवडेच्या आठवडे काठावर बसून राहत. लुईव्हिलला धबधब्यासारखी खळाळी होती, तिथे वाटाड्या घ्यावा लागे.

७ एप्रिल १७८८ ला रुफस पुटनम ४८ माणसं घेऊन असाच नदीतून आला आणि त्यांनी मॅरिएटा वसवलं. नदीपलीकडच्या मुलखासाठी १७८७ मध्ये झालेल्या नव्या कायद्याखालची ओहायोतली पहिली रीतसर वसाहत.

शेतकऱ्यांचा माल पुढे त्याच बोटींनी मिसिसिपीतून न्यू ऑर्लिन्सला जायचा. बोट तिथे लाकडाच्या भावात विकायची आणि पायी परत. नॅचेझपासून नॅशव्हिलपर्यंत साडेचारशे मैलांच्या आसपास जंगलातून, कमरेला पैसे बांधून. या वाटेला नॅचेझ ट्रेस म्हणतात. लुटारूंची चंगळ. १८११ मध्ये 'न्यू ऑर्लिन्स' नावाची पहिली आगबोट पिट्सबर्गहून निघाली आणि मग हळूहळू पायी परतणं संपलं. १८२८ मध्ये एकोणीस वर्षांचा अब्राहम लिंकन असाच फ्लॅटबोटीवर माल घेऊन गेला होता, तो परत आला आगबोटीने.

आजोबा_१९५२

वाचलं. दोनदा वाचलं. उद्यापासून नदीकडे वेगळ्या नजरेने बघेन. आणि फळ्या मोजेन. आशीर्वाद.

रेशीमगाठ

लिंकनचं नाव आलंच आहे तर विचारते. तो केंटकीत जन्मला, इंडियानात वाढला आणि इलिनॉयचा म्हणवला गेला. एवढी भटकंती का? रस्ते होते म्हणून?

चाकोरीबाहेर

रस्ते होते म्हणून जाता आलं. जावं लागलं ते कागदांमुळे.

केंटकीत जमीन मोजणीची पद्धत अशी: हा ओढा, ते मोठं ओक, तिथून अमुक पावलं, परत ओढा. प्रत्येकाने आपापली मोजणी करून घ्यायची. ओक पडलं की हद्द गेली. एकाच तुकड्यावर तीन-तीन दावे. लिंकनच्या वडिलांना, थॉमसना, या भानगडीत जमिनीवर पाणी सोडावं लागलं. १८१६ मध्ये त्यांनी ओहायो नदी ओलांडली आणि इंडियाना गाठलं. गुलामगिरी नको हेही एक कारण होतं, पण जमिनीचं मोठं, असं लिंकनने स्वतः नंतर लिहिलंय.

आणि कहर म्हणजे खुद्द बून! ज्याने वाट काढली त्याच्याच नावावर शेवटी केंटकीत काही उरलं नाही. हजारो एकर गेले कोर्टकज्ज्यांत. १७९९ मध्ये वैतागून तो मिसूरीला गेला, जो तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता, आणि तिथेच १८२० मध्ये वारला.

शेंगदाणाचटणी

म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढलंच नाही. :D
आमच्या गावाकडेही बांध कोरण्यावरून तिसरी पिढी कोर्टात आहे. बूनबद्दल एकदम जिव्हाळा वाटायला लागला.

नकाशेवाला

नदीच्या उत्तरेला बहुतेक ठिकाणी हे नव्हतं, कारण तिथे १७८५ च्या कायद्याने आधी चौकोनी मोजणी झाली. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ चौकोन, प्रत्येक ६४० एकरांचा. सोळावा चौकोन शाळेसाठी राखीव. विमानातून ओहायोच्या पलीकडे खाली बघा, बुद्धिबळाचा पट दिसतो तो हाच. केंटकीवर आलात की पट विस्कटतो. मोजणीचा पहिला बिंदू ईस्ट लिव्हरपूलजवळ आहे, खूण आजही रस्त्याच्या कडेला. भाव १८२० नंतर एकरी सव्वा डॉलर, कमीत कमी ८० एकर, रोख.

गुळाचा_गणपती

सगळं ठीक, पण एरी कालवा कुठाय? न्यूयॉर्कवाल्यांचा निषेध नोंदवत आहे.

चाकोरीबाहेर

येतोय येतोय. निषेध योग्य आहे, कारण माझ्या लाडक्या सडकेचा बाजार त्याच कालव्याने उठवला.

ॲपलाचियनच्या अख्ख्या रांगेत उत्तरेला एकच मोठी सखल फट आहे, मोहॉक नदीचं खोरं. तिथून हडसन नदी आणि मोठी सरोवरं जोडायची. केंद्राने पैसे दिले नाहीत. मार्च १८१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅडिसनने रस्ते-कालव्यांच्या निधीचं विधेयकच नाकारलं, घटनेत बसत नाही म्हणून. तेव्हा न्यूयॉर्क राज्याने, गव्हर्नर डेविट क्लिंटनच्या हट्टाने, स्वतःच्या कर्जावर काम काढलं. विरोधक त्याला 'क्लिंटनचा खड्डा' म्हणून हिणवायचे. ४ जुलै १८१७ ला सुरुवात, २६ ऑक्टोबर १८२५ ला पूर्ण. ३६३ मैल लांब, ४० फूट रुंद आणि खोली फक्त ४ फूट. म्हणजे बुडायचं म्हटलं तरी नीट बुडता येणार नाही. ८३ लॉक. आणि हे बांधणाऱ्या प्रमुखांपैकी एकानेही आधी कालवा बांधलेला नव्हता! बेंजामिन राइट आणि जेम्स गेडीस, दोघेही जमीन मोजणारे आणि न्यायाधीश. कॅनव्हास व्हाइट नावाचा तरुण इंग्लंडला गेला आणि तिथले कालवे पायी हिंडून बघून आला. परत आल्यावर पाण्याखाली घट्ट होणारं सिमेंट जवळच्याच दगडातून बनवता येतं हे त्याने दाखवलं. मॉन्टेझुमाच्या दलदलीत मजूर तापाने पटापट आजारी पडले, ते मात्र उत्सवाच्या भाषणांत आलं नाही.

बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल आणायला पूर्वी १०० डॉलरच्या घरात पडायचे, ते दहावर आले. बोट ओढायला काठाने खेचरं. पैसेवाले पॅकेट बोटीने, स्थलांतर करणारी कुटुंबं स्वस्त लाईन बोटीवर, आपल्याच पेट्यांवर बसून, स्वतःचं जेवण घेऊन. बफेलोला उतरून सरोवरातल्या आगबोटीने क्लीव्हलँड, डेट्रॉइट, पुढे शिकागो. मिशिगनची लोकसंख्या १८२० मध्ये ९ हजारांच्या आत होती, १८४० मध्ये २ लाख १२ हजार. चिखलात गाडी ढकलण्यापेक्षा पेटीवर बसून जाणं कुणाला नको?

यातून एक गोष्ट घडली जी मला इथे राहूनच कळली. खिंडीतून आले ते व्हर्जिनिया-कॅरोलायनाचे लोक, ते केंटकी आणि ओहायो-इंडियानाच्या दक्षिणेला बसले. सडकेने आले ते पेनसिल्व्हेनियाचे, मधल्या पट्ट्यात. कालव्याने आले ते न्यू इंग्लंड-न्यूयॉर्कचे, सरोवरांच्या कडेने. आजही ओहायोत वरून खाली गाडी चालवत गेलात तर बोलण्याचा हेल बदलतो, गावच्या चौकाची ठेवण बदलते. माझ्या ऑफिसात क्लीव्हलँडचा एक आणि नदीकाठचा एक असे दोघे आहेत, दोघांनाही वाटतं समोरचा बोबडा बोलतो.

कट्टेकरी

नागपूर-पुणे. बास, इथेच थांबतो.

मृगनक्षत्र

सडकेवरच्या त्या मोठ्या गाड्यांबद्दल लिहा ना. कोनेस्टोगा? ओरेगॉनला जायच्या त्याच का त्या?

चाकोरीबाहेर

नाही, आणि हा गैरसमज इथल्या लोकांनाही असतो. कोनेस्टोगा ही पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन कारागिरांची गाडी. तळ होडीसारखा मधे खाली आणि टोकांना वर, म्हणजे चढावर माल मागे घरंगळत नाही. चार-सहा भारी घोडे, त्यांच्या गळ्यात घंटा. गाडीवान आत बसत नसे, डाव्या बाजूने चालायचा किंवा डाव्या घोड्यावर बसायचा. अमेरिकेत रस्त्याच्या उजवीकडून चालण्याची सवय यातून पडली असं सांगतात. दुसऱ्याने आपली रुतलेली गाडी ओढून काढली तर त्याला घंटा द्याव्या लागत, म्हणून घंटा वाजवत मुक्कामी पोचणं ही शान. हे गाडीवान जे लांब स्वस्त विडीसारखे सिगार ओढत त्यांना आजही 'स्टोगी' म्हणतात, कोनेस्टोगावरून.

ही गाडी मालवाहतुकीची. माळरानावर ती फार जड पडली असती. ओरेगॉनवाल्यांनी साधी शेतावरची हलकी गाडी घेतली, वर कापड ताणलं आणि घोड्यांऐवजी बहुतेकांनी बैल जुंपले. बैल हळू, पण वाटेतल्या गवतावर जगतात. मिसूरीतल्या इंडिपेंडन्सपासून सुमारे २००० मैल, दिवसाला पंधराएक, चार ते सहा महिने. गाडीत सामान, माणसं बहुतेक चालतच. १८४३ मध्ये हजारेक जणांचा पहिला मोठा जथा गेला. माळावर लाकूड नाही, म्हणून बाया-मुलं चालता चालता वाळलेलं रानगव्याचं शेण गोळा करायची आणि त्यावर स्वयंपाक.

सुगरण_नाही

गोवऱ्या! शेवटी आपल्या ओळखीचं काहीतरी आलं या धाग्यात.

रेशीमगाठ

बायांचा उल्लेख थेट गोवऱ्यांपाशी आला हेही नोंदवते. :) व्हीलिंगजवळ मी एक मोठा पुतळा पाहिला होता, कडेवर बाळ, हातात बंदूक, पदराला, म्हणजे स्कर्टला, दुसरं मूल लटकलेलं. तो याच रस्त्याचा का?

चाकोरीबाहेर

हो, 'मॅडोना ऑफ द ट्रेल'. १९२८-२९ मध्ये असे बारा पुतळे बसवले, बाराही एकसारखे, मेरीलँडपासून कॅलिफोर्नियापर्यंत. एक व्हँडेलियात, जिथे सडकेचे पैसे संपले. टोला योग्य आहे, आणि तो पुतळाही जरा जास्तच ऐटीत उभा आहे असं मला वाटतं. सहा महिने चालून आलेल्या बाईचा चेहरा तसा नसेल.

मावळतीकर

जाऊन आलो हो! ग्रँट्सव्हिलच्या पुलावर उतरलो. मुलं खाली नदीत दगड टाकत बसली, तासभर हलेनात. उलटी कुणालाच झाली नाही. या उन्हाळ्यात ओहायोपर्यंत यायचा विचार आहे. झेन्सव्हिलच्या आसपास काय बघू?

चाकोरीबाहेर

वा! न्यू कॉन्कॉर्डजवळ १८२८ चा एस आकाराचा दगडी पूल बघा. ओढा तिरपा आला, पण कमान सरळ बांधणं सोपं आणि स्वस्त, म्हणून रस्ताच वाकवला. पुढे नॉर्विचला नॅशनल रोडचं छोटं संग्रहालय आहे, त्यात १३६ फूट लांबीचा देखावा मांडलाय, पायवाटेपासून मोटारीपर्यंत. मुलांना आवडेल. उघडं आहे का ते आधी फोन करून विचारा, मी एकदा बंद दारावरून परत आलोय.

आणि झेन्सव्हिलला शिरताना जीपीएसचा आवाज मोठा ठेवा. दोन नद्यांच्या संगमावर वाय आकाराचा पूल आहे, १८१४ पासून पुन्हा पुन्हा बांधलेला. पूर्वेकडून याल, तेव्हा बाई सांगेल की पुलाच्या मध्यावर जा आणि डावीकडे वळा. तिला वेड लागलेलं नाही. सिग्नल आहे तिथे, खरोखर वळायचं.